राबती बोट

जहाजाची लाकडी प्रतिकृती म्हटलं की शिडांचं गलबत डोळ्यांपुढे येतं. तीन डोलकाठ्या, दोरांचं जाळं, काचेची पेटी, पितळी पाटी. टगच्या वाट्याला हे कौतुक क्वचित येतं. बुटकी, पसरट, दुसऱ्याची जहाजं ओढण्यात जन्म घालवणारी ही बोट. तिच्याकडे बंदरावरही कोणी मान वळवून पाहत नाही. ठाण्यातल्या एका निवृत्त स्नेह्यांनी केलेली ‘आर्थर फॉस’ या टगची प्रतिकृती मात्र पाहत बसावी अशी आहे.

मूळ ‘आर्थर फॉस’ १८८९ साली अमेरिकेत पोर्टलंडला बांधली गेली. तेव्हा तिचं नाव होतं ‘वालोवा’. अंग लाकडी, इंजिन वाफेचं. कोलंबिया नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तो ओलांडून शिडाची जहाजं आतबाहेर करणं हे तिचं पहिलं काम. १९३३च्या ‘टगबोट ॲनी’ या चित्रपटात ती ‘नार्सिसस’ नावानं दिसली. पुढल्याच वर्षी वाफ गेली, ७०० अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आलं आणि आजचं नाव मिळालं. डिसेंबर १९४१मध्ये जपानी हल्ल्याच्या काही तास आधी ती वेक बेटावरून निघाली आणि वाचली. आता ती सिएटलमध्ये जतन केलेली आहे.

इतक्या आयुष्यांतून एक निवडणं, हा प्रतिकृतीकाराचा पहिला निर्णय. सिनेमातली बोट केली असती तर सांगायला गोष्ट आयती मिळाली असती. आमच्या स्नेह्यांनी निवडली १९३४नंतरची, फॉस कंपनीच्या हिरव्या-पांढऱ्या रंगातली, रोजच्या कामाला जुंपलेली टग. या निवडीतच त्यांची दृष्टी कळते. पुढचा प्रत्येक तपशील याच निर्णयाला बांधलेला आहे.

प्रमाण एकास अठ्ठेचाळीस. १२० फुटांची बोट अडीच फुटांत. या मापात साडेपाच फुटी खलाशी ३५ मिलिमीटरचा आणि साडेतीन फुटी कठडा जेमतेम २२ मिलिमीटरचा. लाकूड हेदूचं, आणि ही निवड जाणकाराची. आपल्याकडे सागाचा मोह फार. पण सागाची रंध्रं या मापात चरांसारखी दिसतात, रंगाखालूनही डोकावतात. हेदू घट्ट आणि एकसारखा. सहा इंची फळीची इथे तीन मिलिमीटरची पट्टी होते. टगचं पोट मोठं आणि नाळ आवळलेली. पोटावर जितक्या पट्ट्या, तितक्याच नाळेशी बसवायच्या, म्हणून प्रत्येक पट्टी टोकाकडे निमुळती तासावी लागते. कंटाळा केला की फटींत लांबी भरून वेळ मारून नेता येते. इथे दिवा तिरपा धरून पाहिलं तर पट्ट्यांच्या रेषा नाळेपर्यंत न तुटता जातात.

पण माझा जीव अडकला तो मागच्या डेकवर. टगचं सगळं शहाणपण तिथे असतं. ओढायचा दोर अडकवण्याचे जाड खुंट अगदी मागच्या टोकाला नसतात. ते केबिनच्या लगेच मागे, बोटीच्या मध्याकडे असतात. दोर टोकाला बांधला तर ओझं बोटीचं शेपूट धरून ठेवील आणि सुकाणू फिरवून बोट वळणारच नाही. मध्याजवळ बांधला की तिला वळायला मोकळीक मिळते. या सोयीची किंमतही आहे: दोर आडवा ताणला गेला तर हीच टग कलंडू शकते. म्हणूनच मागचा डेक बुटका आणि मोकळा, दोराला डावी-उजवीकडे सरकायला वाव देणारा.

आता प्रतिकृतीत मागच्या कठड्याची वरची पट्टी बघा. बाकी कठडा हिरवा. पण दोर जिथून घासत जाईल तेवढ्याच टप्प्यात रंग उडालेला, लाकूड उघडं, किंचित गुळगुळीत. मधोमध जास्त, कडेला विरत गेलेलं. खुंटांचंही तेच. त्या बोटभर झिजेत ओंडक्यांचे तराफे ओढण्यात गेलेली वर्षं दिसतात. हे पॉलिश पेपरचं काम असेल, पण कुठे थांबायचं हे पॉलिश पेपर सांगत नाही.

गंजाबद्दलही हाच विवेक. हौशी मंडळींना गंजाचं भारी वेड. पोलादी टगचे फोटो बघून तपकिरी ओघळ जिकडेतिकडे सोडायचे, की बोट जुनी झाली! पण या बोटीचं अंग डग्लस फर लाकडाचं, आणि लाकूड काही गंजत नाही. म्हणून गंज फक्त लोखंडाशी: नांगराच्या साखळीच्या भोकाखाली एक बारीक ओघळ, दोनचार बोल्टांभोवती पुसट कडी. बस्स. स्वयंपाकघराच्या धुराड्याची काजळीही मागच्या अंगालाच आहे, कारण बोट पुढे जाते आणि धूर मागे पडतो. हिरव्यात थोडा पांढरा मिसळलाय. लहान वस्तूवर मूळ रंग जसाच्या तसा दिला तर तो काळवंडलेला वाटतो.

चाकाच्या केबिनबद्दल फार लिहीत नाही. खिडक्या सुबक आहेत, आतलं चाक दिसतं, पाहुणे तेवढंच बघून वाहवा करतात.

एक गोष्ट मात्र खटकली. डेकवरचा दोर. तो घरीच सुती धाग्यांना पीळ देऊन वळलाय, मेणातून ओढून त्याची लव बसवलीय. नाहीतर या मापात ती लव केसांसारखी दिसते. जाडी सव्वा मिलिमीटर, म्हणजे खऱ्या बोटीवर अडीच इंच, हिशेब चोख. पण इतका सुंदर दोर त्यांनी जिलबीसारखा गोल, सपाट मांडून ठेवलाय. ही मांडणी श्रीमंतांच्या यॉटवर शोभते. ओला, जड दोर पुन्हा तासाभरात लागणार असेल, तर खलाशी तो असा सजवत बसणार नाहीत. कठडा घासणारा हात इथे जरा लाजला असं वाटतं.

तरीही माझा कौल स्पष्ट आहे: पाहिलेल्या शिडांच्या बहुतेक प्रतिकृतींपेक्षा ही उजवी. तुम्हीही एखादी टग करायला घेतली असेल, तर रंगाचा डबा उघडण्याआधी भाऊच्या धक्क्यावर एक चक्कर मारा आणि कुठल्या टगचा रंग नेमका कुठे उडालाय ते बघून या. तिथल्या टग पोलादी आहेत, तेव्हा गंजही भरपूर मिळेल.