तीन मिनिटांचा प्रबंध आणि एका आईचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक माता चर्चच्या पायऱ्यांवर माझी वाट पाहत उभी होती. तिची मुलगी एका विद्यापीठात पीएच.डी.साठी संशोधन करते. ती म्हणाली, "फादर, पाच वर्षं झाली. पोरगी करते काय, ते मला ठाऊक नाही. शेजारणी विचारतात तेव्हा 'पाण्यावर काहीतरी करते' एवढंच सांगते. तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही तरी सांगा."

मला सांगता आले नाही. मुलीच्या प्रबंधाचे इंग्रजी शीर्षक तिने एका चिठ्ठीवर लिहून आणले होते. त्यातील दोन शब्द मलाही अपरिचित होते. त्या चिठ्ठीने जो विचार सुरू झाला, तो येथे मांडीत आहे. वाङ्मयाला वाहिलेल्या या पानांत संशोधनाचा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. माझे उत्तर असे की, आपल्याला कळलेले दुसऱ्याला कळेल अशा रीतीने सांगणे हाही एक वाङ्मयप्रकारच आहे. कथा-कवितेची जशी समीक्षा होते, तशी त्याचीही व्हायला हवी.

हा प्रकार आज जगभर एका ठरावीक घाटात अवतरला आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ साली 'थ्री मिनिट थीसिस' नावाची स्पर्धा सुरू केली. त्या काळी तेथे कडक दुष्काळ होता आणि पाणी वाचवण्यासाठी लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ लावून आंघोळ उरकीत. त्यावरून तेथील एका अधिष्ठात्यांना सुचले की, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनीही आपला विषय तीन मिनिटांत का सांगू नये? ऐंशी हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा झाल्यास नऊ तास लागतील. तो तीन मिनिटांत सांगायचा, सोबत पडद्यावर एकच स्थिर चित्र. संगीत नको, हातात वस्तू नको, पद्य नको. तीन मिनिटांवर एक क्षण गेला तरी स्पर्धक बाद. कोशिकाशास्त्रापासून कायद्यापर्यंत आणि भूगर्भापासून व्याकरणापर्यंत सर्व विद्याशाखांचे विद्यार्थी एकाच व्यासपीठावर येतात. आज अनेक देशांतील शेकडो विद्यापीठांत ही स्पर्धा होते. आपल्या देशातही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली 'अवसर' ही योजना आखून संशोधक विद्यार्थ्यांना सामान्य वाचकांसाठी लिहिण्यास पारितोषिके देऊ केली.

या घाटाचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. संक्षेप हा दोष नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये आम्हा धर्मगुरूंना बजावले होते की, प्रवचन आठ मिनिटांच्या पुढे जाऊ नये, कारण पुढे लोक झोपी जातात. हा टोला माझ्यासारख्यांना वर्मी लागला, हे कबूल करतो. जो थोडक्यात सांगू शकत नाही, त्याला पुष्कळदा स्वतःलाच नीट उमगलेले नसते. तीन मिनिटांची शिस्त संशोधकाला 'याचा गाभा काय?' हे स्वतःला विचारायला लावते, आणि हा लाभ लहान नाही.

तरीही अशी काही भाषणे ऐकल्यावर मन पूर्ण समाधान पावत नाही. बहुतेकांची चाल एकच असते. आरंभी आजी-आजोबांची किंवा बालपणाची आठवण, मग एक मोठे संकट, मग एक चटकदार उपमा आणि शेवटी 'माझ्या संशोधनाने हे संकट दूर होईल' असे आश्वासन. रोग, दुष्काळ, प्रदूषण हे विषय या साच्यात चपखल बसतात. पण एखाद्या बोलीतील क्रियापदांवर किंवा मध्ययुगीन ताम्रपटांवर काम करणाऱ्याने कोणते संकट दूर करायचे? मग तोही ओढूनताणून उपयोगाची भाषा बोलू लागतो. अशा वेळी श्रोत्याच्या हाती ज्ञानाऐवजी ज्ञानाची जाहिरात पडते.

माझ्या मते संशोधन समजावून सांगणाऱ्या लेखनाला तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, त्यात प्रश्न आहे काय? दुसरी, उत्तरापर्यंतची वाट दिसते काय? तिसरी, उत्तर कोठवर खरे आणि कोठून पुढे अंधार, ती मर्यादा सांगितली आहे काय? तीन मिनिटांच्या भाषणात प्रश्न असतो, उत्तरही असते. वाट आणि मर्यादा या दोहोंवर मात्र बहुधा पाणी सोडावे लागते. आणि वाट वगळली, तर शास्त्रज्ञाचे विधान आणि भोंदूचे विधान यांत सामान्य माणसाने फरक कशाच्या आधारे करावा? दोघेही आत्मविश्वासानेच बोलतात.

एक उदाहरण घेऊ. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विज्ञानात हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता, असे सांगतात. वनस्पतींच्या पेशींत 'सायटोक्रोम सी' नावाचे एक प्रथिन असते आणि वनस्पतींच्या श्वसनात त्याचा वाटा असतो, हे त्यांनी दाखवून दिले. हे मी माझ्या धर्मग्रामात कसे सांगेन? म्हणेन : गवताच्या गंजीला आग लागली की विहिरीपासून गंजीपर्यंत माणसे रांगेने उभी राहतात आणि पाण्याची बादली हातोहात पुढे सरकते. आपण खाल्लेल्या अन्नातून शरीराला शक्ती मिळते तीही अशाच हातोहात देण्याघेण्यातून. त्या रांगेतील एक गडी म्हणजे हे प्रथिन. बटाट्याच्या पेशींतही तो उभा आहे, म्हणजे घरात पोत्यात पडलेला बटाटाही आपल्यासारखाच श्वास घेतो.

श्रोते खूश होतील. पण मी येथेच थांबलो तर त्यांची फसवणूक केल्यासारखे होईल. रांगेतील माणसे आग विझवतात, पेशीतील रांग मात्र एक प्रकारे मंद आग तेवत ठेवते. बादलीत पाणी असते, तेथे विजेचे अतिसूक्ष्म कण असतात. उपमा कोठे संपते हे सांगणे हे उपमा देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते सांगायला अर्धे मिनिट लागते, आणि स्पर्धेत नेमके तेच अर्धे मिनिट प्रथम कापले जाते.

कमलाबाईंचे पुढचे आयुष्य मला अधिक बोधप्रद वाटते. मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर संशोधन केले. ताडामाडांच्या आपल्या किनारपट्टीला नीरा काही नवी नाही. उतारवयात ग्राहक चळवळीत पडून त्यांनी 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेख लिहिले. प्रयोगशाळेतील ज्ञान बाजारात जाणाऱ्या गृहिणीच्या पिशवीपर्यंत पोहोचवण्याचेच हे काम होते. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गा भागवत यांना दीर्घ आजारपणामुळे पीएच.डी.चे काम सोडून द्यावे लागले. पण 'ऋतुचक्र'मध्ये त्यांनी चैत्रापासून एकेक महिना घेऊन निसर्गाचे जे निरीक्षण मांडले, त्यात वाचक त्यांच्याबरोबर पाहायला शिकतो. तेथे वाट आहे, आणि ती वाट हेच मुक्कामाचे ठिकाण आहे. एका घरातील या दोन बहिणींकडे पाहिले की कळते : पदवी आणि समजावण्याची शक्ती या भिन्न गोष्टी आहेत. कधी त्या एकत्र नांदतात, कधी नाही.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये त्यांनी मानवी कवट्यांच्या असमानतेवर प्रबंध लिहिला. गोऱ्या वंशाच्या कवटीचा घाट वेगळा आणि म्हणून त्याची बुद्धीही श्रेष्ठ, असे मानणाऱ्या पंथातील ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. पुढे थोड्याच वर्षांत त्या देशात वंशाच्या नावाने काय घडले, ते जग जाणते. अशा ठिकाणी एका परदेशी तरुणीने मोजपट्टीशी इमान राखले, ही गोष्ट कोणत्याही सभेला तीन मिनिटे खिळवून ठेवील. परंतु तिचे खरे मोल मोजण्याच्या कंटाळवाण्या श्रमात आहे. शेवटच्या टाळीच्या वाक्यात ते सापडणार नाही.

मराठी वाचकाला हा प्रबंध फारसा ठाऊक झाला नाही. त्याला ठाऊक झाले ते १९६७ चे 'युगान्त' आणि पंढरीच्या वारीवरील त्यांचा 'वाटचाल' हा लेख. या लेखात संशोधक उंचावर बसलेली नाही. ती वारकऱ्यांच्या पायांबरोबर चालते. एकत्र भजन करीत चालणारी माणसे जेवायला मात्र जातीजातींनी वेगळी बसतात, हे तिला दिसते आणि ते ती लपवीत नाही. तिचे प्रेमही दिसते आणि तिची बोचही दिसते. वर सांगितलेल्या तिन्ही कसोट्यांना हा लेख उतरतो. समाजशास्त्राची एकही परिभाषा न वापरता समाजशास्त्र कसे सांगावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

तिसरे उदाहरण अगदी लहान आकाराचे. २०२५ च्या मे महिन्यात दिवंगत झालेले डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे शाळकरी मुले स्वाक्षरी मागायला जात. ते म्हणत, मला विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, उत्तर लिहून त्याखाली सही करीन. तीन मिनिटांच्या भाषणापेक्षाही पोस्टकार्डाची जागा थोडी. तरी मला ते श्रेष्ठ वाटते, कारण तेथे प्रश्न मुलाचा आहे. स्पर्धेत श्रोता परीक्षक असतो किंवा टाळ्या वाजवणारा असतो, विचारणारा नसतो. ज्याला प्रश्न पडला त्यालाच उत्तर पचते, हे आम्हा प्रवचनकारांनीही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

येथवर घाटाची चर्चा झाली. पण आपल्या घरांपुरता खरा अडसर भाषेचा आहे. आपल्या मुलामुलींचे बहुतेक प्रबंध इंग्रजीत लिहिले जातात. मार्गदर्शकाशी, परीक्षकांशी, सहाध्यायांशी बोलणे इंग्रजीत. घरी आल्यावर त्यांच्यापाशी शब्दच नसतात. मग 'काहीतरी पाण्यावर' एवढेच आईच्या वाट्याला येते. मराठीत शब्द नाहीत, ही सबब मला पटत नाही. इंग्लंडातून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्यापुढे चार शतकांपूर्वी हीच अडचण होती. युरोपात शिकलेली विद्या गोमंतकातील नवख्रिस्ती कुटुंबांना सांगायची होती. त्यांनी येथील ओवी उचलली, येथील शब्द उचलले, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणायलाही ते कचरले नाहीत. १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. उसन्या शब्दाबरोबर जुना अर्थही चिकटून येतो, हा धोका त्यात होताच. पण धोका पत्करल्यावाचून कोणतेच ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात जात नाही. गंमत अशी की, आता त्याच ख्रिस्तपुराणावर प्रबंध लिहिले गेले आहेत, आणि ज्यांच्या पूर्वजांसाठी ते रचले गेले, त्यांतील कितीजणांनी त्या प्रबंधांची पाने उलटली असतील?

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी माझा एक दोष सांगतो. सेमिनरीच्या शेवटच्या वर्षांत मी एक शोधनिबंध इंग्रजीत लिहिला. सुट्टीत घरी आलो तेव्हा वडील वाडीत केळींना पाणी लावीत होते. त्यांनी विचारले, "काय लिहिलंस एवढं वर्षभर?" मी म्हणालो, "ते तुम्हाला कळायचं नाही, बाबा." ते काही बोलले नाहीत. कुदळ घेऊन पुढच्या आळ्याकडे वळले. वडील आता नाहीत. त्या निबंधात काय होते, हे आज मी चार सोप्या वाक्यांत सांगू शकतो. त्या दिवशी मात्र मला ते खरोखर कळले होते काय, याची शंका येते. 'तुम्हाला कळायचे नाही' या वाक्याचा पुष्कळदा अर्थ असतो, 'मला सांगता येत नाही'.

चिठ्ठी घेऊन आलेल्या त्या मातेची मुलगी नाताळच्या सुट्टीत घरी आली, तेव्हा तिला मी एवढेच सुचवले की, भाषण करू नकोस, आईला प्रश्न विचार. किनाऱ्यालगतच्या गोड्या विहिरींत खारे पाणी कसे शिरते, हा तिचा विषय निघाला. तिने आईला विचारले, आपल्या विहिरीचे पाणी कोणत्या साली मचूळ झाले? आईने साल सांगितले, तेव्हा कोणती पिके घरात होती तेही सांगितले, आणि शेजारच्या वाडीतील विहीर त्याआधी दोन उन्हाळे बिघडली होती, हेही सांगितले. मुलीने ते वहीत टिपून घेतले. आता शेजारीण विचारते तेव्हा आई काय उत्तर देते, ते मी ऐकलेले नाही. परंतु त्या विषयात आपलेही काही आहे, एवढे तिला ठाऊक झाले आहे.

आपल्या धर्मग्रामांतून आज अनेक घरांत संशोधन करणारी मुले-मुली आहेत. प्रत्येकाने प्रबंध सादर करण्यापूर्वी एक पान मराठीत लिहावे. त्यात आपला प्रश्न, आपली वाट आणि आपली मर्यादा सांगावी, आणि ते पान प्रथम घरच्यांना वाचून दाखवावे. तीन मिनिटे लागोत की तेरा. घरच्यांनी मध्येच थांबवून "म्हणजे काय?" असे विचारले, तर रागावू नये. तेथूनच लेखनाला खरा आरंभ होतो.