‘बेघर’ आणि ‘उंबरठा’ : चित्रपटातील स्त्री आणि घराचा प्रश्न

१

शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘उंबरठा’ हा चित्रपट १९८२ साली प्रदर्शित झाला. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती व सुलभा महाजन ही मध्यवर्ती भूमिका स्मिता पाटील यांनी केली होती. कादंबरीचे नाव मात्र चित्रपटाने घेतले नाही. असे नामांतर हा चित्रव्यवसायातील नेहमीचा भाग आहे असे म्हणून ते सोडून देता येईल. परंतु भाषेच्या अभ्यासकास ते इतक्या सहजासहजी सोडता येत नाही. ‘बेघर’ हे विशेषण आहे. ते व्यक्तीची अवस्था सांगते. ‘उंबरठा’ हे एका जागेचे नाव आहे, आणि ती जागा ओलांडण्यासाठी असल्यामुळे ओलांडण्याची क्रिया त्या नावात गृहीत धरलेली असते. पहिले नाव ऐकल्यावर ‘ही स्त्री राहते कोठे?’ हा प्रश्न मनात येतो. दुसरे ऐकल्यावर ‘ही स्त्री बाहेर का पडली?’ हा प्रश्न येतो.

आपल्या चित्रपटाने स्त्रीच्या संदर्भात यांपैकी दुसरा प्रश्न पुनःपुन्हा विचारला व पहिला क्वचितच विचारला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यामुळे पडद्यावरील निराश्रित स्त्री हा निवाऱ्याचा विषय न राहता तिच्या शीलाचा, धैर्याचा अथवा प्रमादाचा विषय झाला. हे का घडले ते पाहण्यासाठी प्रथम मराठी भाषेतील घरवाचक शब्दांकडे, नंतर काही चित्रपटांकडे, आणि शेवटी चित्रपटांतील घरे व माणसांची घरे ही दोन्ही जेथे उभारली गेली त्या गोरेगावकडे वळावयाचे आहे.

२

विवाहित स्त्रीच्या घरासाठी मराठीत दोन शब्द रूढ आहेत : माहेर आणि सासर. पहिल्याची व्युत्पत्ती ‘मातृगृह’ अशी व दुसऱ्याची ‘श्वशुरगृह’ अशी सांगतात. दोन्ही शब्दांत मूळचे ‘गृह’ झिजून शेवटच्या ‘र’पुरते उरले आहे, आई आणि सासरा मात्र स्पष्ट ओळखू येतात. म्हणजे दोन्ही घरे दुसऱ्या कोणाच्या तरी नात्याने ओळखली जातात. स्त्रीचे स्वतःचे असे जे तिसरे घर, त्यास मराठीत वेगळा शब्द नाही. पुरुषाला अशा दोन शब्दांची गरजच पडली नाही. त्याचे ते नुसते ‘घर’.

क्रियापदांतही हाच भेद दिसतो. पुरुष घरात ‘राहतो’. सून घरात ‘नांदते’. नवरा तिला ‘नांदवतो’ किंवा ‘नांदवीत नाही’. या प्रयोजक रूपात तिच्या राहण्याचा कर्ता नवरा आहे. नांदवीत नसल्यास ती ‘टाकलेली’ होते, आणि लग्नाविना कोणी आश्रय दिल्यास ‘ठेवलेली’ होते. ही दोन्ही कर्मणि धातुसाधिते आहेत. दोहोंत स्त्री कर्म आहे. उलट ‘घरावर तुळशीपत्र ठेवणे’ हा आपल्या भाषेतील त्यागाचा थोर वाक्प्रचार घ्या. तुळशीपत्र ठेवून दान करावयाचे ते आपल्या मालकीच्या वस्तूचे. ज्या घरावर आपले स्वामित्व नाही त्याचे दान कसे करणार? म्हणून देशकार्यासाठी घर सोडणाऱ्या पुरुषाविषयी हा वाक्प्रचार जितक्या सहजतेने येतो तितक्या सहजतेने स्त्रीविषयी येत नाही. तिच्याविषयी ‘घराबाहेर पडली’ एवढेच म्हटले जाते, आणि त्या बोलण्याचा सूर बहुधा निराळा असतो.

‘बेघर’ हा शब्दही तपासण्याजोगा आहे. फारसी ‘बे’ हा उपसर्ग मराठीत दोन प्रकारच्या शब्दांत आढळतो. ‘बेकार’, ‘बेवारस’ यांत केवळ उणीव आहे; ‘बेशरम’, ‘बेइमान’ यांत उणिवेबरोबर दोषही आहे. ‘बेघर’ हा शब्द वस्तुतः पहिल्या गटातील आहे. पुरास किंवा दंगलीस बळी पडलेल्यांविषयी वापरताना तो तेथेच राहतो. एकट्या स्त्रीविषयी वापरला की त्याच्यावर दुसऱ्या गटाची छाया पडू लागते. ऐकणाऱ्याला तिचे घर कसे गेले याहून तिने काय केले असावे याची उत्सुकता अधिक वाटते. चित्रपटाने ही उत्सुकता निर्माण केली नाही. ती त्याला भाषेतून आणि समाजातून आयती मिळाली.

३

प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट या दृष्टीने आरंभबिंदू मानता येईल. शांता हुबळीकर यांनी रंगविलेली मैना ही वेश्या आहे. शाहू मोडक यांनी रंगविलेला गणपत हा पोलीस शिपाई तिला सन्मानाचे जीवन देऊ इच्छितो व आपल्या आईच्या घरी घेऊन जातो. त्या सोवळ्या, देवभोळ्या घरात मैनेचा जीव गुदमरतो आणि ती तेथून निघून जाते. तिला कोणी हाकलून देत नाही. घर खुले आहे, परंतु त्या घराचे पावित्र्यच तिला परके करते. हा प्रसंग कलादृष्ट्या अत्यंत प्रामाणिक आहे. तथापि त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती अशी की मैनेला घर मिळावयाचे तर ते कोणाच्या तरी आईचे, म्हणजे भावी सासरच, असावयास हवे. चौथी भिंत, स्वतःचे कुलूप, स्वतःची चूल यांचा विचार कथेत संभवतच नाही. शोषण करणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो आणि अखेर तिला छप्पर मिळते ते तुरुंगाचे.

स्वातंत्र्योत्तर मुंबईत घराचा प्रश्न चित्रपटास टाळता येणे शक्य नव्हते. राजा ठाकूर यांच्या ‘मुंबईचा जावई’ने (१९७०) चाळीतील नवविवाहितांच्या कोंडमाऱ्याचा विनोद केला. भीमसेन यांच्या ‘घरौंदा’ने (१९७७) तोच प्रश्न गंभीरपणे घेतला. एका कचेरीत काम करणारी छाया आणि सुदीप ही दोघे पै पै साठवून सदनिकेसाठी पैसे भरतात व फसविली जातात. मग वयस्क, आजारी मालकाशी छायेने लग्न करावे, कालांतराने त्याची संपत्ती आपल्याला मिळेल, असे सुदीपच तिला सुचवितो. येथे स्त्री हीच घराची किंमत झाली आहे, आणि हे चित्रपटाने निर्भीडपणे दाखविले. परंतु लग्नानंतर कथेचा रोख बदलतो. छाया पतीशी निष्ठावान राहते की नाही हा प्रश्न पुढे येतो, आणि स्वतः नोकरी करणाऱ्या या मुलीला स्वतःच्या नावाने घर का घेता येऊ नये हा प्रश्न मागे पडतो.

जयवंत दळवी यांच्या ‘चक्र’ (१९६३) या कादंबरीवरील रवींद्र धर्मराज यांचा त्याच नावाचा हिंदी चित्रपट १९८१ साली आला. यातील अम्माचा नवरा झोपडीसाठी पत्रा चोरताना मारला जातो. घराचा एक पत्रा आणि एक जीव यांचे हे समीकरण आपल्या चित्रपटात इतक्या उघडपणे क्वचितच मांडले गेले असेल. शेवटी वस्तीवर बुलडोझर फिरतो. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात महाराष्ट्र शासनाने मुंबईतील पदपथवासीयांना हटविण्याचे आदेश दिले होते; त्यांविरुद्धच्या याचिकांचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. त्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला गेला, पण पदपथावर राहण्याचा हक्क मात्र मान्य झाला नाही. ‘चक्र’ या वास्तवाच्या इतके जवळ असतानाही त्याची जाहिरात मात्र अम्माच्या स्नानाच्या दृश्यावर करण्यात आली. वस्तीतील बाईला उघड्यावर न्हावे लागते, कारण तिला भिंत नाही. जी उणीव दाखवावयाची ती दाखविता दाखविता कॅमेऱ्याने, आणि त्याहूनही अधिक जाहिरातदाराने, त्या उणिवेचाच फायदा घेतला. बेघर स्त्रीच्या चित्रणातील ही कायमची अडचण आहे. जिला आडोसा नाही तिचे दर्शन घडविताना तिला आडोसा कसा द्यावयाचा, याचा विचार दिग्दर्शकास करावाच लागतो.

४

आता ‘उंबरठा’. सुलभा महाजन ही वकिलाची पत्नी आहे. घर सुखवस्तू आहे, सासूबाई स्वतः समाजकार्यात आहेत, जाऊ प्रेमळ आहे. लहान मुलीला जावेच्या स्वाधीन करून सुलभा संगमवाडीच्या महिलाश्रमात अधीक्षिका म्हणून जाते. तेथील गैरव्यवहार, व्यवस्थापक मंडळाची उदासीनता, आश्रमातील स्त्रियांची होरपळ यांना तोंड देता देता चौकशी तिच्याच वाट्यास येते आणि ती राजीनामा देते. घरी परतल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली आहे असे तिला कळते, आणि ती पुन्हा बाहेर पडते.

या कथेत उंबरठे दोन आहेत. एक महाजनांच्या घराचा; तो सुलभा ओलांडते. दुसरा आश्रमाचा, तेथील स्त्रियांना तो ओलांडण्याची मुभा नाही. नववधूने माप ओलांडून आत येणे हा आपल्याकडे समारंभ आहे; बाहेर जाण्यास कोणताही विधी नाही. सुलभेला मात्र चित्रपटाने तो सन्मान दिला. तिच्या जाण्यात पराभव नाही, निश्चय आहे. ‘टाकलेली’ या शब्दातील कर्म येथे प्रथमच कर्ता झाले, आणि ‘बेघर’ हे नाव बाजूस सारून ‘उंबरठा’ हे नाव घेण्यात जो लाभ झाला तो हा होय. तो लाभ लहान नाही. एका पिढीतील मराठी स्त्रीने या चित्रपटात स्वतःस पाहिले ते या कर्तेपणामुळेच.

परंतु नामांतरात जे गमावले त्याचाही हिशेब मांडला पाहिजे. सुलभा अखेरीस प्रवासात आहे. ती कोठे उतरणार, कोणाच्या खोलीत राहणार, एकट्या बाईला जागा कोण देणार, हे चित्रपट विचारीत नाही. शिवाय ज्यांच्याविषयी ‘बेघर’ हा शब्द अक्षरशः खरा होता त्या आश्रमवासिनी हळूहळू सुलभेच्या आत्मशोधाची पार्श्वभूमी होतात. ती निघून जाते. त्या तेथेच उरतात.

येथेही भाषा काही सांगते. कुटुंबाच्या वास्तूस आपण तद्भव ‘घर’ म्हणतो. संस्थेच्या वास्तूस तत्सम ‘गृह’ म्हणतो : सुधारगृह, आधारगृह, निरीक्षणगृह, वसतिगृह. जिचे घर जाते तिला गृह मिळते. शासनाची ‘स्वाधार गृह’ ही योजना अलीकडे ‘शक्ती सदन’ या नावाखाली आणली गेली. आधाराची जागा शक्तीने घेतली व गृहाची सदनाने. ‘घर’ हा शब्द मात्र याही वेळी आला नाही. ही नावे ठेवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल. पण घर म्हणजे जेथून आपल्याला कोणी काढू शकत नाही अशी जागा, आणि संस्था तसे आश्वासन देऊ शकत नाही, याची नकळत दिलेली कबुलीच या शब्दयोजनेत आहे.

५

यावर असा आक्षेप येईल की चित्रपट म्हणजे गृहनिर्माणाचा अहवाल नव्हे. कलाकृतीकडून भाडेपट्ट्याची अपेक्षा करणे हा अरसिकपणा होय. आक्षेपात तथ्य आहे. ‘उंबरठा’चा शेवट मोकळा ठेवण्याचा दिग्दर्शकाचा अधिकार कोणी नाकारीत नाही. परंतु कलाकृती कोणता प्रश्न मोकळा ठेवते आणि कोणता प्रश्न तिच्या ध्यानातच येत नाही, यांत भेद आहे, आणि तो दाखविणे हे समीक्षेचे काम आहे. शिवाय आपल्या गणनेतही हीच चूक झालेली दिसते. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७.७ लक्ष व महाराष्ट्रात दोन लक्षांहून अधिक व्यक्ती बेघर नोंदविल्या. या नोंदीत पदपथावर, उड्डाणपुलाखाली, फलाटावर, मोठ्या नळांत राहणारे येतात. आश्रमातील स्त्री संस्थेची रहिवासी म्हणून मोजली जाते. भावाच्या घरी पडवीत दिवस काढणारी परित्यक्ता त्याच्या कुटुंबात मोजली जाते. जनगणना छप्पर मोजते. त्या छपराखाली राहण्याचा हक्क कोणाचा, हे मोजत नाही. चित्रपटास सुलभेचा पुढचा पत्ता सुचला नाही, तसा तो गणकासही सुचत नाही.

६

गोरेगावचे उदाहरण येथे उपयोगी पडते. पश्चिमेस १९४३ साली ‘फिल्मिस्तान’ची स्थापना झाली, पूर्वेस १९७७ साली राज्य शासनाने चित्रनगरी वसविली, तिला पुढे दादासाहेब फाळके यांचे नाव दिले गेले. या दोन ठिकाणी आजवर किती दिवाणखाने, माजघरे व तुळशीवृंदावने उभी राहिली व मोडली गेली याची गणती नाही. दर्शनी भिंत आहे आणि मागे टेकू आहेत, अशी ती घरे. त्यांतून निघालेल्या किती सुनांनी रडत रडत उंबरठा ओलांडला असेल!

याच उपनगरात मृणाल गोरे यांचे कार्य उभे राहिले. साठीच्या दशकात पाण्यासाठी त्यांनी केलेल्या लढ्यांमुळे ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले. पाणी हा घरातील स्त्रीचा प्रश्न. तो रस्त्यावर आणला गेला तेव्हा राजकारण झाला. पुढे त्या आणि त्यांचे सहकारी नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याखालील (१९७६) अतिरिक्त जमिनीच्या प्रश्नाकडे वळले, आणि नागरी निवारा परिषदेने दिंडोशीस अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सुमारे सहा हजार सदनिका उभारल्या. संस्थेने नाव घेतले ‘निवारा’. ऊन, वारा, पाऊस यांचे निवारण एवढाच त्या शब्दाचा मूळ आशय. राहणाऱ्यांनी त्याचे घर केले, आणि आज ‘नागरी निवारा’ हे त्या भागाचे नावच होऊन बसले आहे.

मृणाल गोरे २०१२ साली निवर्तल्या. त्यांच्या वस्तीपासून चित्रनगरी फार दूर नाही. एका ठिकाणी घर म्हणजे भावनेचे नेपथ्य, दुसऱ्या ठिकाणी घर म्हणजे जमीन, कायदा, हप्ता व नोंदणी. या दुसऱ्या अर्थाचे घर पहिल्या ठिकाणच्या पटकथेत अभावानेच शिरते.

कायदा मात्र त्या दिशेने थोडा सरकला आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने, मालकी असो वा नसो, सामाईक घरात राहण्याचा हक्क स्त्रीस दिला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सासूच्या मालकीचे घर या व्याख्येत बसत नाही असा अर्थ लावला. २०२० साली त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरविला. सासर हे सुनेचे घर होय की नाही, असा हा चौदा वर्षांचा वाद होता. माहेर आणि सासर या शब्दांत जे शतकानुशतके अनुत्तरित होते, त्याचे एक मर्यादित उत्तर न्यायालयाने दिले. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नव्हे, हे विसरून चालणार नाही.

‘उंबरठा’ने मराठी स्त्रीला बाहेर पडण्याचे क्रियापद दिले. ‘बेघर’ या मूळ नावातील प्रश्न त्याने बाजूस ठेवला, आणि नंतरच्या चित्रपटांनीही तो क्वचितच उचलला. सुलभेची गाडी जेथे थांबते तेथून पुढची कथा, म्हणजे जागेचा शोध, अनामत रक्कम, घरमालकाच्या चौकशा आणि अखेर दारावर स्वतःच्या नावाची पाटी, ही शीलाच्या कथेइतकीच नाट्यमय होऊ शकते. ती लिहिली जाईल तेव्हा त्या तिसऱ्या घरासाठी मराठीस एखादा शब्दही कदाचित सापडेल.