हंसांचा कळप आणि लोखंडाच्या सुया

फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज आणि आपले जयंत नारळीकर यांच्या ‘अ डिफरंट अ‍ॅप्रोच टू कॉस्मॉलॉजी’ (२०००) या पुस्तकात एक छायाचित्र आहे. हंसांचा कळप एकाच दिशेने निघाला आहे. महास्फोट मानणारे शास्त्रज्ञ असेच चालतात, हा टोला! हसू येते, पण कळपाबाहेर असणे हाच विज्ञानातला गुण, असा समज विद्यार्थ्यांचा चटकन होईल.

१९४८ साली हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी मांडलेला स्थिर स्थितीचा सिद्धांत धाडसी होता, तो वेगळ्या कारणाने. विश्व सर्वकाळ सारखेच दिसले पाहिजे, असे तो सांगत होता. दूरचे पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे. तेव्हा दूरचे विश्व वेगळे आढळले की सिद्धांत कोसळणार. झालेही तसेच. केंब्रिजला मार्टिन राइल यांच्या मोजणीत क्षीण रेडिओस्रोत अपेक्षेहून जास्त भरले. १९६५ साली तर सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारणच सापडले.

१९९३ साली मांडलेल्या सुधारित सिद्धांतात विश्वाला आंदोलने मिळाली. प्रारणासाठी लोखंडाच्या बारीक सुया आल्या. ताऱ्यांचा प्रकाश शोषून त्या सूक्ष्मलहरी बाहेर टाकतात म्हणे. अशक्य नाही. पण कोणते निरीक्षण मिळाले तर लेखक माघार घेतील, हे शोधताना मला बरीच पाने उलटावी लागली.

इतिहासाची प्रकरणे मात्र शिक्षकांनी जरूर वाचावीत. वर्गात १९४८चा सिद्धांत घ्यावा. तो कसा खोटा ठरू शकेल, हे नववीतली मुलेही सांगतील.