शब्दांची पंगत आणि आपले इंग्रजी

भाषेची शुद्धता आणि भाषेची रूढी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या इंग्रजी अध्यापनाने त्या एकच मानल्या, आणि त्याची किंमत ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले त्यांना मोजावी लागते, असे माझे मत आहे.

सातारा-सांगलीच्या शिवारात ऊस तोडतात, ज्वारी काढतात, कापूस वेचतात. 'ऊस वेचला' या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. तरी शाळेचे तोंड न पाहिलेली शेतमजूर बाई त्याला हसेल. कोणता शब्द कोणाच्या पंगतीला बसतो हे तिला कोणी शिकवलेले नाही. ती त्या शब्दांतच वाढली. इंग्रजीचेही तसेच. तिथे पाऊस 'हेवी', पण चहा 'स्ट्राँग'. मराठीत अभ्यास करतात आणि चूकही करतात. इंग्रजीत अभ्यासाला 'डू' लागते, चुकीला 'मेक'. आपला विद्यार्थी परीक्षा देतो. इंग्रजांचा ती 'टेक' करतो. याला नियम नाही, वहिवाट आहे. परभाषिकांना अशा जोड्या अख्ख्याच शिकवाव्या लागतात, हे ओळखून हॅरल्ड पामर यांनी १९३३ साली तोक्योत त्यांचा अहवालच प्रसिद्ध केला होता.

आमच्या वर्गांत मात्र काळ आणि प्रयोग घोकण्यात वर्ष सरते. मग मुलाखतीत 'आय डिड अ मिस्टेक' म्हणणारा हुशार मुलगा अडाणी ठरतो. ज्याच्या घरी दोन पिढ्या इंग्रजी वर्तमानपत्र येते त्याला ही वहिवाट वारशाने मिळते. वारशालाच गुणवत्ता म्हणण्याची आपल्या समाजाची खोड जुनी आहे.

यावर काही कार्यकर्ते विचारतील, रूढी मोडायला निघालेल्यांनी साहेबाच्या भाषेतील रूढी का पाळाव्यात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब येथील सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. घरी सुभेदार रामजींनी त्यांच्याकडून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला पक्की करून घेतली. इंग्रजीची वहिवाट त्यांनी कष्टाने कमावली.

म्हणूनच १९३६ चे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे शीर्षक नीट वाचले पाहिजे. त्या काळच्या सभ्य इंग्रजीत समाजाला जोडून 'रिफॉर्म' येई, अस्पृश्यतेला 'रिमूव्हल', दलितांना 'अपलिफ्ट'. मराठीतले 'निवारण' याच जातकुळीचे. तक्रारीचे निवारण, शंकेचे निवारण, तसेच अस्पृश्यतेचे. 'ॲनिहिलेशन' हा शब्द शत्रूच्या सैन्याजवळ शोभणारा. बाबासाहेबांनी तो जातीशेजारी आणून बसवला. सुधारणेची भाषा तिथे संपली आणि युद्धाची सुरू झाली. जातपात तोडण्याचे नाव घेणाऱ्या लाहोरच्या मंडळालाही ते भाषण पेलले नाही. त्यांनी सभा रद्द केली, बाबासाहेबांनी ते स्वतः छापले.

पंगत ठाऊक असणाऱ्यालाच ती मोडता येते. न कळता मोडली तर लोक हसतात. जाणून मोडली तर हादरतात. आपल्या मुलांच्या हाती हे दुसरे सामर्थ्य यायचे असेल, तर शिक्षकांनी नवा इंग्रजी शब्द फळ्यावर एकटा लिहू नये. त्याचे सोबती त्याच्याशेजारी लिहावेत.