व्हॉयेजरची ध्वनिमुद्रिका : सहृदयाविना संहिता

१९७७ साली व्हॉयेजर-१ व व्हॉयेजर-२ ही याने गुरू, शनी व त्यापलीकडील ग्रहांच्या शोधार्थ निघाली, तेव्हा प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक ध्वनिमुद्रिका बसवलेली होती. तीत ५५ भाषांतील अभिवादने, शंभराहून अधिक चित्रे व सुमारे ९० मिनिटांचे संगीत आहे. कार्ल सेगन यांच्या समितीने सिद्ध केलेल्या या मुद्रिकेचा विचार एक संहिता म्हणूनही व्हायला हवा.

इझरच्या मांडणीनुसार अभिप्रेत वाचक संहितेच्या रचनेतच अनुस्यूत असतो. इथे तो आवरणावर अक्षरशः कोरलेला आहे. हायड्रोजन अणूतील संक्रमण हे काळाचे एकक, १४ पल्सारांच्या आधारे दर्शविलेले सूर्याचे स्थान आणि मुद्रिका वाजविण्याची आकृतिबद्ध सूचना, हे सारे ज्याला उमगेल तो खगोलभौतिकीचा जाणकारच असणार. संस्कृत काव्यशास्त्राने सहृदयाच्या ठिकाणी जी वासना गृहीत धरली, तिची जागा येथे भौतिकीने घेतली आहे. संकेत शिकविण्यापुरती ही योजना समर्थनीय ठरते. परंतु संकेताची उकल म्हणजे आस्वाद नव्हे.

मुद्रिकेवर मराठी अभिवादन आहे, तशीच केसरबाई केरकरांची 'जात कहाँ हो' ही साडेतीन मिनिटांची भैरवीही आहे. याकोबसनच्या परिभाषेत अभिवादनाचे कार्य संपर्कनिष्ठ. प्रत्युत्तराच्या शक्यतेवाचून ते अपुरे राहते. भैरवीची अडचण याहून गहन आहे. मैफलीची सांगता भैरवीने होते, हा संस्कार ज्याला नाही त्याच्या हाती स्वरांची कंपने येतील, निरोप येणार नाही. व्हॉयेजर-१च्या ५ सप्टेंबरच्या उड्डाणानंतर अकरा दिवसांनी केसरबाईंचे निधन झाले, हा योगायोगही त्या श्रोत्याच्या लेखी निरर्थकच.

मग ही संहिता कोणासाठी? युद्ध, दारिद्र्य, रोगराई यांची चित्रे तीतून हेतुपुरस्सर वगळली गेली. परक्या वाचकाला ही अनुपस्थिती जाणवण्याचे कारण नाही. ती आपल्यालाच जाणवते. २०१२ मध्ये आंतरतारकीय अवकाशात शिरलेले व्हॉयेजर-१ दुसऱ्या ताऱ्याच्या जवळपास पोहोचायला सुमारे ४०,००० वर्षे लागतील. तोवर या संहितेचा उपलब्ध वाचक पृथ्वीवरच आहे. म्हणून ही मुद्रिका निष्फळ ठरत नाही. पृथ्वीबाहेरील जीवनाच्या शोधाने मानवाला स्वतःविषयी काय सांगावे व काय दडवावे, हा निवड करण्याचा प्रसंग आणला. त्या निवडीची चिकित्सा हे समीक्षेचे काम आहे, आणि त्यासाठी परग्रहावरून उत्तर येण्याची वाट पाहावी लागत नाही.