संशोधनाचा प्रश्न आणि ‘वामन परत न आला’

बीड जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेणारा एक विद्यार्थी लघुप्रबंधाचा विषय घेऊन आमच्याकडे आला. कादंबरी डॉ. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’. विषय, ‘कादंबरीतील विज्ञाननिष्ठा’. निष्कर्ष काय निघेल, असे आम्ही विचारले. “विज्ञाननिष्ठा आहे, असा निघेल,” तो म्हणाला. पुढच्या भेटीत त्याने विषय बदलला : ही कादंबरी ब्राह्मणी पुराणकथेचे समर्थन करते. दोन्ही वेळा निकाल आधी लागला होता. प्रश्न विचारलाच गेला नव्हता.

अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात भगवंतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : एकंसब्याकरणीय, विभज्जब्याकरणीय, पटिपुच्छाब्याकरणीय आणि ठपनीय. साहित्याच्या अभ्यासकासही हे वर्गीकरण उपकारक आहे. ‘कादंबरीत विज्ञान आहे काय?’ या प्रश्नास एका शब्दात उत्तर देता येते. त्यासाठी प्रबंध नको. ‘विज्ञानकथा समाजास उपयुक्त आहे काय?’ असे कोणी विचारल्यास, कोणत्या समाजास आणि कोणता उपयोग, असा प्रतिप्रश्न करावा लागतो. ‘लेखकाच्या अंतर्मनात काय होते?’ हा प्रश्न बाजूस ठेवावा. संहितेवरून त्याचा निर्णय होत नाही. संशोधनास योग्य तो विभज्ज प्रश्न, म्हणजे विभागणी करून, पुरावा तपासून ज्याचे उत्तर द्यावे लागते असा.

या कादंबरीत असा प्रश्न दडलेला आहे. प्राचीन, प्रगत संस्कृतीची एक पेटी जमिनीत सापडते. तिच्यातील ज्ञानाच्या आधारे ‘वामन’ नावाचा यंत्रमानव घडविला जातो आणि आपल्यासारखेच आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची त्याची आकांक्षा मानवावर संकट आणू पाहते. पुराणकथा श्रोत्यास वामनाच्या बाजूस उभे करते. महात्मा फुले यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त ती बाजू उलटविली, त्यांच्या लेखी वामन आक्रमक आणि बळी प्रजाहितदक्ष राजा. दिवाळीत ओवाळताना बळीचे राज्य येवो असे म्हणणाऱ्या आपल्या आया-बहिणींना हे ग्रंथाविनाही ठाऊक होते. नारळीकरांच्या शीर्षकात वामनाचे न परतणे हीच सुटका आहे. तेव्हा आम्ही विद्यार्थ्यास प्रश्न सुचविला तो असा : ही कादंबरी वाचकास वामनाविरुद्ध उभे करते, मग तिच्यात बळीच्या जागी कोण आहे?

उत्तर सोपे नाही. वामनापुढे येथे अखिल मानवजात उभी आहे. फुल्यांचा बळी मात्र लुबाडल्या गेलेल्या, राबणाऱ्या जनांचा आहे. ‘मानव’ या एका शब्दात हा भेद विरून जातो काय, की पात्रांची नावे, त्यांचे व्यवसाय आणि निर्णय घेण्याचा अधिकार यांतून तो पुन्हा डोके वर काढतो? हे पाने उलटून, प्रसंगांची नोंद करून तपासावे लागेल. वामन हे नाव केवळ यंत्राच्या लहान आकारापुरते आले आहे, असेही आढळू शकेल. तसे आढळल्यास तेही प्रामाणिकपणे लिहावे.

नारळीकर 2021 साली नाशिकच्या 94 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि 2025 साली निवर्तले. त्यांच्या लेखनावर स्तुतीही पुष्कळ होईल, आक्षेपही होतील. आमच्या विद्यार्थ्यांनी या दोहोंत भर घालू नये. कालामांना दिलेला उपदेश परंपरेस लागू आहे, तसा आपल्या आवडत्या निष्कर्षासही लागू आहे. ज्या प्रश्नाने आपले मत चुकीचे ठरण्याची वाट मोकळी ठेवली, तोच संशोधनाचा प्रश्न होय.