फोनमधला चंद्र नेमका कुणाचा?

कोजागिरीच्या रात्री बाराच्या सुमाराला व्हॉट्सॲपचे स्टेटस एकामागून एक बघत जा. मसाला दुधाचे ग्लास, गच्चीवरची सतरंजी आणि मग चंद्र. जळगावच्या मित्राचा चंद्र, धुळ्याच्या मावसबहिणीचा चंद्र, नोकरीसाठी पुण्याला गेलेल्या कुणाचा तरी चंद्र. काळ्याभोर आकाशात राखाडी, गोल, डागांसकट स्वच्छ. वरचं नाव झाकलं तर कुठला फोटो कुणाचा हे सांगता येणार नाही.

चंद्र एकच आहे, फोटो सारखेच येणार, असं यावर कुणी म्हणेल. पण नवरीसुद्धा एकच असते. एका लग्नात दहा जणांनी तिचे फोटो काढले तर दहा वेगळे येतात, कारण प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या क्षणी, वेगळ्या उजेडात उभा असतो. चंद्राच्या बाबतीत हे वेगळेपण जातं कुठे? फोनने काढलेल्या आकाशाच्या फोटोंबद्दल बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. हे फोटो आता आपल्याकडे हजारोंनी निघतात, पण त्यातला चांगला कुठला आणि वाईट कुठला यावर आपण ‘वॉव’ आणि ‘भारी’ यापलीकडे फारसं बोलत नाही.

आधी थोडा हिशेब. चंद्र आपल्यापासून सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर दूर आहे आणि आकाशात तो जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४,००० पिक्सेल रुंद असतो. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याने झूम न करता फोटो काढला तर त्यात चंद्राच्या वाट्याला साधारण २५ पिक्सेल येतात. म्हणूनच साध्या फोनवर चंद्र म्हणजे एक पांढरा ठिपका. पाच पट झूमची लेन्स असेल तर सव्वाशे पिक्सेल होतात. पण खरी अडचण पिक्सेलची नाही, लेन्सच्या तोंडाची आहे. महागड्या फोनमधल्या लांब पल्ल्याच्या लेन्सचं तोंडही पाच-सहा मिलिमीटरचंच असतं. एवढ्या छोट्या तोंडातून आलेल्या प्रकाशात चंद्रावरच्या साधारण ४० किलोमीटरपेक्षा जवळजवळ असलेल्या दोन गोष्टी वेगळ्या दिसू शकत नाहीत. हा प्रकाशाचा नियम आहे. पुढच्या वर्षीचं मॉडेल घेतल्याने तो बदलत नाही.

टायको नावाचं चंद्रावरचं प्रसिद्ध विवर सुमारे ८५ किलोमीटर रुंद आहे. जळगाव ते धुळे हे सरळ रेषेतलं अंतर जवळपास तेवढंच. म्हणजे जळगाव-धुळ्याएवढा खड्डा फोनच्या लेन्समधून पाहिला तर दोन-अडीच ठिपक्यांएवढा. त्याच्या मधोमध एक डोंगर आहे. तो तुमच्या फोटोत स्पष्ट दिसत असेल, तर तो तुमच्या लेन्समधून आलेला नाही, हे नक्की.

मग तो आला कुठून? मार्च २०२३ मध्ये रेडिटवर एका माणसाने एक साधा प्रयोग दाखवला. त्याने चंद्राचा एक उत्तम फोटो घेतला, तो १७० बाय १७० पिक्सेलचा केला आणि वरून मुद्दाम इतका धुरकट केला की बारकावे पार पुसले गेले. तो धुरकट गोळा कॉम्प्युटरच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि लांब उभं राहून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने दिलेल्या फोटोत विवरं होती, डाग होते. पडद्यावर नसलेले बारकावे फोटोत उमटले होते. कंपनीचं उत्तर असं होतं की तयार फोटो वर चिकटवला जात नाही. फोन चंद्र ओळखतो, अनेक फ्रेम एकत्र करतो आणि मग एआय तपशील वाढवतं. ही सोय बंदही करता येते. त्याआधी २०१९ मध्ये हुआवेच्या ‘मून मोड’वरून असाच वाद झाला होता.

कंपनीचं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं तरी प्रश्न उरतोच. वाढवलेला तपशील कुठल्या प्रकाशातून आला? तुमच्या गच्चीवर त्या रात्री पोचलेल्या प्रकाशात तो नव्हता. आधी कुणीतरी काढलेल्या चंद्राच्या असंख्य फोटोंवरून यंत्र जे शिकलं, त्यातून तो आला. चंद्राची कला तुमची, त्याचा कललेला कोन तुमचा, पण चेहऱ्यावरचा पोत उसना. आणि चंद्र यासाठी अगदी सोयीचा आहे, कारण तो कायम एकच बाजू आपल्याकडे करून फिरतो. त्याचा चेहरा पाठ करता येतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. आकाशाचा कुठला फोटो प्रक्रिया न करता येतो? दुर्बिणींनी काढलेल्या तेजोमेघांच्या चित्रांतले रंगही नंतरच ठरवले जातात. फोनमध्येही, २०१९ मध्ये आलेल्या पिक्सेल ४ ची आकाशासाठीची पद्धत बघा. तो फोन १६ सेकंदांच्या जास्तीत जास्त १५ फ्रेम घेतो, म्हणजे चार मिनिटं प्रकाश गोळा करतो आणि त्या एकावर एक रचतो. त्यात दिसणारी आकाशगंगा नुसत्या डोळ्यांना तशी दिसत नाही. मग हा फोटो खोटा का?

नाही. प्रक्रिया झाली म्हणून फोटो खोटा ठरत नाही. फ्रेम रचणं म्हणजे थेंब-थेंब पाणी साठवणं. हंडा उशिरा भरतो, पण पाणी आपल्याच नळाचं असतं. पाठ केलेला तपशील घालणं म्हणजे शेजारच्या टाकीतून हंडा भरून आणणं. मार्चनंतर पाण्याच्या पाळ्या मोजणाऱ्या खानदेशात हा फरक कुणाला वेगळा समजावायला नको.

मग फोटो जोखायचा कशावर? माझ्या मते प्रश्न एकच आहे: हा फोटो वेगळा येऊ शकला असता का? त्या रात्री आकाशात काही अनपेक्षित घडलं असतं, तर ते यात उमटलं असतं का? ज्या फोटोचं उत्तर ‘हो’ आहे, तो धूसर असला तरी फोटो आहे. ज्याचं उत्तर ‘नाही’, ती आधीच्या फोटोंची सुबक नक्कल.

ही कसोटी लावून २०२३ ची कोजागिरी बघा. २८ ऑक्टोबरच्या त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होतं. एक वाजून गेल्यावर चंद्राच्या खालच्या कडेला पृथ्वीच्या सावलीने छोटासा घास घेतला, आणि सुमारे सव्वा तासाने तो सुटला. त्या वेळी काढलेल्या फोटोत ती काळवंडलेली कड आली असेल, तर तो फोटो बारा वाजताच्या गुळगुळीत चंद्रापेक्षा कितीतरी मोलाचा. ७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास ग्रहणात चंद्र सुमारे ८२ मिनिटं पूर्ण सावलीत होता. अशा वेळी चंद्र इतका मंद होतो की फोन गडबडतो आणि हातात येतो एक तांबडा, दाणेदार, कडा हललेला गोळा. लोक असे फोटो डिलीट करतात. पण त्या गोळ्याचा मंद तांबडा उजेड त्याच रात्रीचा असतो, दुसऱ्या कुठल्या रात्रीचा नाही.

ग्रहणाची नोंद ठेवण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणादेवीच्या परिसरात सन १२०७ चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी काढलेल्या मठाला दिलेलं दान त्यात नोंदवलं आहे, आणि ते दान चंद्रग्रहणाच्या वेळी दिल्याचं लिहिलं आहे. दगडावर चंद्राचं चित्र नाही. संवत्सर आहे, महिना आहे, तिथी आहे, कुणी कुणाला काय दिलं ते आहे. आठशे वर्षांनंतरही त्या रात्रीचा माग काढता येतो, तो त्या नोंदीमुळे.

आता खानदेशाच्या आकाशाचं अलीकडचं, माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचं चित्रीकरण. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या आसपास. जळगावसह विदर्भात आणि मध्य प्रदेशात लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या आणि हातातले फोन वर केले. ते व्हिडिओ तेव्हा प्रत्येक ग्रुपवर फिरले. हात थरथरतोय, फोकस सापडत नाही, आजूबाजूला आरडाओरडा. फोटोग्राफीच्या क्लासमध्ये कुणी पास करणार नाही असं काम. सुरुवातीला लोक उल्का म्हणाले, काहींनी विमानाची शंका घेतली.

पण तेच व्हिडिओ नीट बघितले तर उत्तर त्यांच्यातच होतं. उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येतात आणि बहुतेक एक-दोन सेकंदांत संपतात. या रेषा संथ होत्या, एकमेकींना समांतर होत्या आणि बराच वेळ दिसत राहिल्या. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून तुटते, तेव्हा असंच दिसतं. त्याच संध्याकाळी चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक मोठं धातूचं कडं पडलं, परिसरात गोळेही सापडले. खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांच्या मते हे फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘चांग झेंग ३ बी’ रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे अवशेष होते.

ही घटना कुठल्याही फोनला पाठ नव्हती. फोनने मदत केली नाही, म्हणूनच तो साक्षीदार झाला. वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या कोनांतून काढलेले असे व्हिडिओ एकत्र केले तर वस्तूचा मार्ग काढता येतो. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर अशनी फुटला, तेव्हा शास्त्रज्ञांनी गाड्यांमधल्या डॅशकॅमच्या चित्रणावरून त्याची आधीची कक्षा काढली आणि तो मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातून आल्याचं दाखवलं. तेही व्हिडिओ सुंदर नव्हते. त्यांच्यात जागा होती, वेळ होती, खांब आणि इमारती होत्या.

आपल्याकडे अडचण नेमकी इथे येते. इन्स्टाग्रामवर आकाशाचे फोटो टाकणाऱ्या आपल्या मुलामुलींसमोर नमुना असतो लडाखमधल्या हानलेचा, फार तर २०२४ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ ठरलेल्या पेंचचा. मग खानदेशातल्या फोटोतही आकाश जांभळं-निळं करायचं, क्षितिज कापायचं आणि गावाचा उजेड पुसायचा. पण आपलं आकाश तसं नाही. एप्रिल-मेमध्ये त्यात धूळ असते, खालचा पट्टा तपकिरी असतो, चंद्र उगवतो तो पितळी रंगाचा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या बाजूला रात्री पवनचक्क्यांवरचे लाल दिवे लुकलुकतात. भुसावळकडे क्षितिजावर दीपनगरचा उजेड असतो. फोनचा नाइट मोड या सगळ्याला कचरा समजून साफ करायला बघतो. आपणही त्याचं ऐकलं, तर या भागाचं रात्रीचं आकाश २०२० च्या दशकात कसं होतं याचा एकही पुरावा पुढे उरणार नाही, आणि फोटो मात्र लाखो असतील.

अखाजीच्या संध्याकाळी पश्चिमेला बघा. तृतीयेची कोर आपल्याकडे जवळजवळ आडवी, वाटीसारखी दिसते. लंडनहून तीच कोर जास्त कललेली दिसते, कारण तिथला अक्षांश वेगळा. म्हणजे साध्या फोनने, झूम न करता, खाली धाब्याची कड किंवा निंबाचं झाड ठेवून काढलेली ती कोर तुम्ही कुठे उभे आहात हे सांगते. विवरांनी भरलेला मोठा चंद्र ते सांगत नाही.

‘पोरांना आनंद मिळतो, आजीला फोनवर चंद्राचे खड्डे दाखवता येतात, तुमचं काय जातं?’ असंही कुणी विचारेल. आनंद मलाही हवा आहे. पण आजीला खरे खड्डे दाखवायचे असतील तर कॉलेजमधल्या छोट्या दुर्बिणीच्या डोळ्याला फोनची लेन्स लावून धरा. प्रतिमा हलेल, कड कापली जाईल, पण खड्डे तिच्यासमोरच्या चंद्राचे असतील. टेलिफोटो लेन्सचा फोन असेल तर तो स्टँडवर ठेवून ओळीने चार रात्री गुरूचा फोटो घ्या. शेजारी बारीक ठिपके दिसले आणि रोज त्यांनी जागा बदलल्या, तर ते गुरूचे चंद्र. आयो पावणेदोन दिवसांत एक फेरी मारतो, गॅनिमिडला सात दिवस लागतात. उद्या ते कुठे असतील हे तुमचे आजचे फोटो सांगतील. आणि ज्याला सेटिंगमधून एआयची सुधारणा बंद करता येते, त्याने एकदा दोन्ही चंद्र काढून शेजारी-शेजारी बघावेत.

भास्कराचार्यांनी सन ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणी लिहिला तेव्हा त्यातल्या यंत्राध्यायात बऱ्याच उपकरणांचं वर्णन केलं. त्या सगळ्यांत त्यांनी श्रेष्ठ मानलं ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी, आणि तिच्या जोडीला हातात एक साधी काठी. आपल्या हातातली काठी आता बरीच महाग झाली आहे, आणि तिच्यात दुसऱ्या कुणाची तरी बुद्धी भरून येते. ती वापरायला हरकत नाही. फक्त फोटो पोस्ट करताना खाली गाव, तारीख आणि वेळ लिहा, आणि आधी स्वतःला विचारा, यातलं मी पाहिलेलं किती आहे?